पाच बदामांनंतरचा पास

डॉक्टर गेल्याचं मला कांताबाईंनी कळवलं, हे मला अजून खुपतं. दीड महिना होऊन गेला. सकाळचे सात वाजले असतील, मी गॅलरीत पेपर उघडून बसलो होतो, फोन वाजला आणि पलीकडून त्या म्हणाल्या, "सर, डॉक्टरसाहेब नाही राहिले. आत्ताच गेले. वहिनी म्हणाल्या, सरांना तुम्हीच सांगा." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याच्या बातमीवर कुणी "बरं" म्हणतं का? पण खरं सांगायचं तर त्या क्षणी दुःखाच्या आधी माझ्या मनात दुसरंच काहीतरी आलं... म्हणजे ह्यांना माझ्या आधी कळलं तर! बावीस वर्षं ज्यांच्यासमोर बसून मी ब्रिज खेळलो, त्यांच्या जाण्याची खबरसुद्धा मला धुळ्याच्या एका साड्यांच्या दुकानवाल्या बाईंकडून मिळावी! गेलेल्या माणसावर लिहिताना असलं काही लिहू नये, हे मला कळतं. पण डॉक्टर भामऱ्यांबद्दल लिहायचं आणि माझा मत्सर वगळायचा, तर सांगण्यासारखं फार थोडं उरेल.

डॉक्टर विनायक भामरे म्हणजे गुरांचे डॉक्टर. मूळ धुळ्याचे. सरकारी नोकरीत आधी यावल, मग चोपडा असं करत करत जळगावला आले आणि बदल्यांना कंटाळून तिथेच बिऱ्हाड थाटून राहिले. मी जळगावच्या एका शाळेत गणित शिकवायचो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत रविवारी दुपारी ब्रिजची दोन टेबलं लागायची, तिथे एका रविवारी हे गृहस्थ आले, हातात केळीच्या वेफर्सची ही एवढी पिशवी. बूट चिखलानं भरलेले, शर्टाला औषधाचा वास. माझा नेहमीचा जोडीदार त्या दिवशी लग्नाला गेला होता, म्हणून मी नाइलाजानं ह्यांना समोर घेतलं. तासाभरात माझ्या लक्षात आलं की हा माणूस माझ्यापेक्षा चांगला खेळतो. तेव्हाही मला आनंद आणि पोटदुखी एकदमच झाली. पण दुसऱ्या रविवारी मी अर्धा तास आधी जाऊन त्यांच्या समोरची खुर्ची धरून बसलो.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो, फार नाही. चार माणसं, दोन जोड्या. आपला पार्टनर आपल्या समोर बसतो आणि त्याची पानं आपल्याला दिसत नाहीत. खेळायच्या आधी बोली लागते. अमुक रंग हुकूम ठेवला तर आम्ही इतके हात करू, असं एकाहून एक चढं बोलत जायचं. बोललेलं करून दाखवलं तर गुण, कमी पडलं तर दंड. खरी गंमत येते ती दोन्ही जोड्या हट्टाला पेटल्यावर. आपण चार इस्पिक बोललो की समोरचे मुद्दाम पाच बदाम बोलतात. स्वतः बुडणार हे त्यांना माहीत असतं, पण आपला चांगला डाव उधळायचा असतो. मग आपल्याला दोन वाटा. 'डबल' म्हणून त्यांचा दंड वाढवायचा, नाहीतर आपणच आणखी वर, पाच इस्पिकवर जायचं. आणि तिसरी एक वाट असते, पास. हा पास म्हणजे माघार नव्हे. ताकद आपल्याकडे आहे हे दोघांनाही ठाऊक असतं, तेव्हा डाव त्यांना फुकट सोडायचा प्रश्नच नसतो. हा पास म्हणजे पार्टनरला सांगणं, की माझ्या पानांवरून मला ठरवता येत नाही, तुमच्यावर सोडतो, तुम्ही म्हणाल ते. ब्रिजमध्ये एका माणसानं दुसऱ्याला द्यावा असा ह्याहून मोठा मान नाही, असं माझं मत आहे.

हा मान डॉक्टरांनी मला एकदा दिला. आम्ही जोडीनं खेळायला लागून दुसरं वर्ष होतं. खानदेशातल्या क्लबांची स्पर्धा धुळ्यात एका मंगल कार्यालयात भरली होती. शेवटच्या फेरीत आम्ही पुढे होतो. आम्ही चार इस्पिकपर्यंत आलो, समोरच्यांनी पाच बदाम लावले आणि डॉक्टर शांतपणे म्हणाले, "पास." माझी पाळी आली. माझ्याकडे बदामाचं एकच पान होतं, ते बघूनच मी पुढे जायला हवं होतं. पण माझ्याकडे किलवरचा एक्का आणि राजा होता, आणि मी गणिताचा मास्तर! दोन हात इथे, एक तिथे, अशी बेरीज करून मी छाती काढून "डबल" म्हणालो. त्यांच्यातल्या एकाकडे किलवरचं पानच नव्हतं. त्यांनी बोललेले सगळे हात करून दाखवले, आणि वर आमचे पाच इस्पिक झाले असते हेही टेबलावर उघडं पडलं. स्पर्धा गेली. डॉक्टर हसून म्हणाले, "असू द्या सर, चहा घेऊ." मला तो चहासुद्धा विषासारखा लागला.

परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागे तोच डाव मांडत होतो. डॉक्टर शेजारी बसून शेंगा सोलत होते आणि मधूनमधून माझ्यापुढे करत होते. हा माणूस रागावत का नाही, ह्याचाच मला राग यायला लागला. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा मी पिशवी उचलली आणि चक्क खाली उतरलो. डॉक्टर खिडकीतून बघत राहिले. उतरताना मी त्यांना काहीतरी बोललोही असेन, डोकं ठिकाणावर नव्हतं. मागच्या गाडीनं घरी आलो. दोन दिवस धड जेवलो नाही. आठवड्याभरानं नववीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण म्हणून तोच डाव घातला, पोरं बिचारी वहीत उतरवून घेत होती. आमच्या हिनं शेवटी डॉक्टरांना बोलावून घेतलं आणि म्हणाली, "ह्यांना काहीतरी सांगा हो." डॉक्टर येऊन भरीत-भाकरी खाऊन गेले, डावाचं नावही काढलं नाही.

त्यानंतर वीस वर्षं आम्ही एकत्र खेळलो आणि त्या वीस वर्षांत डॉक्टरांनी तो पास पुन्हा कधीही केला नाही. कितीही अडचणीची बोली येवो, ठरवायचं ते तेच ठरवायचे. एकतर डबल, नाहीतर पुढे. मी समोर पानं धरून बसलेलो असायचो, मनातल्या मनात म्हणायचो, सोडा ना, एकदा माझ्यावर सोडा... आणि ते आपले क्षणभर विचार करून मोकळे. बरं, त्यांचं चुकायचंही क्वचितच. चुकलं असतं तर मला किती बरं वाटलं असतं! आम्ही स्पर्धा जिंकलो, कपाटात चषक आले, जळगावात लोक आमचं नाव जोडीनं घ्यायचे. पण त्या जोडीत ठरवणारा कोण आणि मान डोलावणारा कोण, हे मला माहीत होतं आणि मला वाटायचं की सगळ्या क्लबलाही माहीत आहे. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की सर, तुमच्या निर्णयावर माझा भरवसा आहे. हे विचारायला मात्र माझी जीभ कधी रेटली नाही. एका डावात त्यांनी मला जोखलं आणि कायमचं बाद केलं, असं मी धरून चाललो.

एकदा त्यांच्याबरोबर जीपमधून चोपड्याकडच्या एका खेड्यात गेलो होतो. गाय अडली होती. डॉक्टर बाह्या सारून गोठ्यात आडवे झाले, बराच वेळ झगडले, मग घाम पुसत उठले आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला म्हणाले, "आबा, दोन्ही हाती लागतीन असं दिसत नही. गाय तुमनी शे. तुम्हीच ठराई टाका." म्हातारा गायीच्या मानेवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "गाय वाचाडा, डाक्टर. वासरू पुढला साल बी व्हई." डॉक्टरांनी तसं केलं. गाय वाचली. सगळं गाव डॉक्टरांचं कौतुक करत होतं आणि मी जीपजवळ उभा राहून त्या म्हाताऱ्यावर जळत होतो. म्हणजे माझ्या मत्सराची पातळी किती खाली जाऊ शकते, ते बघा.

नऊ वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले आणि वडिलांच्या जागेवर बांधलेल्या घरात, धुळ्याला राहायला गेले. मी महिन्यातून एकदा एसटीनं जायचो. तिथे त्यांनी नवं टेबल जमवलं होतं. एक त्यांच्या पत्नी मालतीवहिनी, ज्यांना जळगावात असताना पत्त्यांचा तिटकारा होता. दुसरे शेजारचे अन्सारीभाई, घड्याळं दुरुस्त करणारे, बोलायला गोड आणि बोलीत आडदांड. आणि तिसऱ्या कांताबाई. आग्रा रोडवर त्यांचं साड्यांचं दुकान, घराणं राजस्थानातलं, पण तीन पिढ्या धुळ्यात. साठी ओलांडल्यावर सुनेच्या हातात दुकान देऊन त्या दुपारी मोकळ्या झाल्या आणि डॉक्टरांकडून ब्रिज शिकल्या. साठीनंतर! मी कॉलेजात असल्यापासून खेळतोय.

अशाच एका रविवारी मी पोचलो तेव्हा डाव चालू होता. पाच माणसं झाली, म्हणून मी डॉक्टरांच्या मागे स्टूल घेऊन बघत बसलो. डॉक्टर आणि कांताबाई चार इस्पिकवर आले. अन्सारीभाईंनी सवयीप्रमाणे दांडगाई करून पाच चौकट लावले. मी डॉक्टरांची पानं बघत होतो. अवघड होतं, इकडेही जाता येईल, तिकडेही. आणि मी माझ्या कानांनी ऐकलं... डॉक्टर म्हणाले, "पास." वहिनीही पास म्हणाल्या. कांताबाईंनी एकवार पानांकडे बघितलं आणि गिऱ्हाइकाला साडी उलगडून दाखवावी इतक्या सहज म्हणाल्या, "पाच इस्पिक." झाले. सगळे हात बरोबर झाले. मी म्हणालो, "मी असतो तर डबल दिला असता." कुणी विचारलं नव्हतं. डॉक्टर मागे वळून हसले. वीस वर्षं मी ज्याची वाट पाहिली ते ह्या बाईंना दीड वर्षात मिळालं, आणि त्यांना ते काय मिळालं ह्याचा पत्तासुद्धा नव्हता. संध्याकाळच्या गाडीनं जायचं ठरलं होतं, मी चारच्याच गाडीनं निघालो.

मग माझं जाणं कमी झालं. कधी गुडघा, कधी ऊन. डॉक्टरांचा फोन यायचा, मी कारणं सांगायचो. आजारपणाचं कळलं तेव्हा मात्र गेलो. ती आमची शेवटची भेट. पलंगावर उशीला टेकून बसले होते, मनगटं काठीसारखी झालेली. वहिनी आत गेल्या, तसे ते म्हणाले, "सर, एक डाव सांगतो." आणि बोटानं चादरीवर रेघा ओढत सांगायला लागले. आपण चार इस्पिक. ते पाच बदाम. तुमच्याकडे बदामाचं एकच पान, किलवरचा एक्का-राजा... मी तत्काळ ओळखलं. धुळ्याच्या त्या मंगल कार्यालयातला डाव. पानं लावून दाखवता येतील इतका त्यांना तो पाठ होता. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "मी पास केलंय, सर. बोला."

मला वाटलं, मरणाच्या दारातही हा माणूस माझी परीक्षा घेतोय. जुनी चूक उकरून काढतोय, मी सुधारलोय की नाही ते बघतोय. कांताबाईंचं बरोबर आलेलं ते पाच इस्पिक डोळ्यांपुढे आलं, आणि मी म्हणालो, "ते तुमच्या कांताबाईंना विचारा."

डॉक्टरांनी हातानं चादर सारखी केली. मग म्हणाले, "बरं, जाऊ द्या," आणि शाळेच्या पेन्शनचं विचारत बसले. बाहेर पडताना मला चांगलंच वाटत होतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना अडवलं, असं वाटत होतं. स्टँडवर उसाचा रस प्यायलो.

त्यानंतर बावीस दिवसांनी कांताबाईंचा तो फोन आला. अंत्यविधीला गेलो, दहाव्यालाही गेलो, दोन्ही वेळा एका कोपऱ्यात उभा राहून परत आलो. कांताबाई रडत होत्या, मला नीट रडूही येत नव्हतं. आणि मग दोन रविवारांपूर्वी वहिनींचा फोन आला. "सर, ह्यांची ब्रिजची पुस्तकं आहेत, त्यातली निम्मी तुमचीच असतील. येऊन बघून जा." दुपारी पोचलो तर अन्सारीभाई आणि कांताबाई तिथेच बसलेले. वहिनींनी पुस्तकांचा गठ्ठा पुढे ठेवला, चहा आला, इकडचं तिकडचं झालं. डॉक्टरांच्या आठवणी निघाल्या तशी माझी जीभ सुटली. मी हसत हसत, पण मनातून अजिबात न हसता म्हणालो, "तुमचं नशीब थोर, कांताबाई. तुमच्यावर त्यांनी डाव सोडले. माझ्यावर एकदाच सोडला, पुन्हा कधी नाही."

कांताबाईंनी कप खाली ठेवला. "सर, मला वाटायचं तुमचं दोघांचं ठरलेलं आहे. मी विचारलं होतं ना डॉक्टरसाहेबांना, की सरांबरोबर तुम्ही हा पास का नाही करत. ते म्हणाले, सरांनी मला पारोळ्याच्या स्टँडवर सांगितलंय, डॉक्टर, पुन्हा कधी माझ्यावर सोडू नका. मी शब्द दिलाय."

सगळं एकदम आठवलं. एक पाय पायरीवर, एक खाली, मागून कंडक्टर ओरडतोय, आणि मग उतरून मी खिडकीशी जाऊन ताडताड बोलतोय. "पुन्हा कधी माझ्यावर सोडू नका, डॉक्टर, सांगून ठेवतो!" आणि खिडकीच्या गजांतून ते, हातात शेंगा तशाच, "नाही सोडणार, सर. शब्द." म्हणजे मला त्यांनी बाद केलंच नव्हतं. मीच सांगितलं आणि मीच विसरलो. आणि जे मी मागितलं होतं ते दिल्याबद्दल वीस वर्षं त्यांच्यावर कुढत बसलो. मी वहिनींना विचारलं, "मग त्या दिवशी, पलंगावर, तो डाव..."

वहिनी खाली बघत म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर हे म्हणाले, आज मी सरांना दिलेला शब्द मोडला, डाव त्यांच्यावर सोडला. पण सरांनी तो घेतलाच नाही."

मला रडू आलं, चारचौघांत आलं. पण इथे खोटं लिहीत नाही, रडतानाही मला कांताबाईंचा हेवा वाटतच होता. त्यांनी असलं काही मूर्खासारखं बोलून ठेवलं नव्हतं. त्यांच्यासमोरचा माणूस कसल्याही वचनात अडकलेला नव्हता. त्यांना डॉक्टर पूर्ण मिळाले, मला ते माझ्या अटीसकट मिळाले. अन्सारीभाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि पाच मिनिटांनी, त्यांच्या पद्धतीनं, पत्त्यांची जोडी टेबलावर ठेवली. "बैठो, सर. एक महीने से तीन आदमी ताश देख रहे हैं." डॉक्टरांच्या जागेवर बसायला मी का कू करत होतो. वहिनींनी खुर्ची ओढून दिली.

तिसऱ्या की चौथ्या डावाला कांताबाई आणि मी चार बदामांवर आलो. अन्सारीभाईंनी पाच किलवर लावले. ते असे गप्प बसणारच नव्हते. कांताबाईंनी पानं टेबलावर उपडी ठेवली, म्हणाल्या, "पास," आणि डोळे मिटून घेतले. वहिनीही पास म्हणाल्या आणि मग हळू आवाजात मला म्हणाल्या, "ह्यांनीच लावलीय तिला ही सवय. एकदा दुसऱ्यावर सोडलं की त्याच्याकडे बघायचं नाही. आपल्या तोंडाकडे बघून त्यानं ठरवलं, तर ते ठरवणं त्याचं कसलं?"

मी पानांकडे बघितलं. किलवरचं एकच पान. बेरीज करायला लागलो आणि सोडून दिली. खोलीत पंखा फिरत होता, बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, कांताबाईंचे डोळे मिटलेलेच. कुणालाही घाई नव्हती. मी किती वेळ घेतला कोण जाणे. "पाच बदाम," मी म्हणालो.

एक हात कमी पडला. तेव्हा डबल द्यायला नको होता, आता द्यायला हवा होता. अन्सारीभाई हसले, वहिनींनी गुण मांडले, कांताबाई पानं गोळा करून पिसायला लागल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही म्हणता काही नव्हतं, जशी रोजचीच गोष्ट. मी बराच वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिलो. मग म्हणालो, "पुढच्या वेळीही माझ्यावर सोडा."

"सोडणारच की, सर," त्या म्हणाल्या आणि पानं वाटायला लागल्या. मी माझी पानं उचलली, पण मला ती लावता येईनात. हे वाक्य ज्यांना सांगायचं होतं, त्यांच्याच खुर्चीत बसून मी ते बोललो होतो.